जाफराबादचा उपाशी सांडा

परत आल्यापासून जो तो विचारतोय, "काय बाई, मराठवाड्यात जाऊन काय पाहिलंत? वेरूळ? अजिंठा?" मी सांगते, सांडा पाहिला. मग समोरच्याचा चेहरा पडतो. सांडा म्हणजे मारवाडच्या वाळवंटातला सरड्याचा जाडजूड भाऊबंद. हातभर लांब, पोट सुटलेलं, शेपटीवर काट्यांची कडी. तो बघायला कुणी वाईहून जाफराबादला जात नाही, एवढं मलाही कळतं. मी गेले होते लग्नाला.

लग्न सुशीलाचं. ती आणि मी पुण्यात शिक्षिकेचं शिक्षण घेताना एका खोलीत राहिलो. ती जाफराबादच्या कापसाच्या अडत्याची मुलगी, ओसवाल जैन. मी वाईची, तोंडाने फटकळ, विज्ञान शिकवणारी. तिला तीन स्थळांनी नकार दिला होता. एकाला ती उंच वाटली, एकाला सावळी, एकाला जास्त शिकलेली. चौथा देऊळगावराजाचा वकील. त्यानं बापासमोर सांगितलं, "मला हीच पाहिजे." सुशीला हे मला सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. तेव्हाच मी ठरवलं, आकाश कोसळो, ह्या लग्नाला मी जाणारच. वसंतपंचमीचा मुहूर्त होता.

भोकरदनच्या पुढं

मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता, पण रस्त्यांना ते कुणी कळवलेलं नव्हतं. बसनं भोकरदनच्या पुढं एका ओढ्यात मान टाकली. पुढचा प्रवास बैलगाडीतून. गाडीवान किसन नावाचा, डोक्याला मफलर, बोलायला मोकळा. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, आणि गार वारा असा की माझे दात वाजायला लागले. वाटेत एका शेतात हुरडा भाजत होते. किसननं गाडी थांबवून मूठभर पुढं केला. मी म्हटलं, "नको, लग्नघरी जाऊन जेवायचंच आहे." माणसानं कधी हुरड्याला नाही म्हणू नये. हे वाक्य मी आता शाळेच्या फळ्यावर लिहिणार आहे.

"लगीनघरी?" किसन म्हणाला. "शेटजीच्या घरी? मला वाटलं तुमी बी दर्शनालाच निघाल्या."

"कसलं दर्शन?"

"भगतजीचं. त्येनं जेवण सोडलंय न्हवं का! महिना होऊन गेला. लोकं लांबून लांबून येऊन राह्यलेत. परवा आमची म्हातारी नारळ ठेवून आल्ती."

"कोण हे भगतजी? घरातले वडीलधारे का?"

किसननं थोडा विचार केला. "वडीलधारेच म्हणा. शेपूट हाये त्येंना."

परमुलखात गाडीवानाशी वाद घालू नये, असं आमची आई सांगते.

जाफराबाद, पहिली संध्याकाळ

मांडव नाही, सनई नाही, पापड लाटणाऱ्या बायका नाहीत. दारात सुशीला उभी, तोंडावर बोट ठेवून. मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "वत्सला, जोरात बोलू नकोस. घरात संथारा चालू आहे."

संथारा म्हणजे काय ते मला पुण्यातच तिनं सांगितलं होतं. जैनांमध्ये एखादा पिकला जीव आपलं आयुष्य सरत आलं असं मानतो, अन्न सोडतो, मग पाणी सोडतो, आणि शांतपणे देह ठेवतो. फार मोठं व्रत. ते चालू असताना घरात बँड वाजत नाही, पंगती उठत नाहीत. मी लगेच पदर सावरला. "कुणी घेतलाय गं?"

"सांड्यानं," सुशीला म्हणाली आणि रडायला लागली.

मला भूक अशी लागली होती की आधी जेवण आणि मग सांडा, असंच माझ्या मनात आलं. पण सूर्य मावळला होता. सूर्यास्तानंतर ह्या घरात कुणी घास तोंडात घालत नाही, पाहुणा असला तरी चूल पेटत नाही. मला उकळून गार केलेलं पाणी मिळालं. आमच्याकडं पाहुणा मध्यरात्री आला तरी पिठलं टाकतात, हे मी मनात तीनदा म्हटलं आणि हुरड्याची आठवण काढत झोपले.

दुसरा दिवस: गार खोली

सकाळी गरम बाजरीची रोटी, गट्ट्याची भाजी आणि इतकं तूप वाढलं की मी कालचं सगळं माफ केलं. मग भुआसांना भेटायला गेले. भुआसा म्हणजे सुशीलाची आत्या, घरात सगळ्यांत मोठी. वैधव्य लहानपणीच आलेलं. सुशीलाची आई गेल्यावर हिनंच तिला वाढवलं. शेटजी, म्हणजे सुशीलाचे वडील, बाजारात वाघ, बहिणीसमोर मात्र "जी भुआसा, बराबर भुआसा."

घरातली सगळ्यांत आतली, सगळ्यांत गार खोली. खिडकी नाही, फरशी दगडी. उन्हाळ्यात तिथं तूप ठेवतात. मध्ये पाट, पाटावर पांढरं कापड, कापडावर भगतजी. रंग पाटीसारखा काळपट. डोळे मिटलेले. बाजूला भुआसा, हातात माळ. दिवा नाही, शेगडी नाही, कारण आगीत बारीक जीव मरतात आणि संथाऱ्याच्या खोलीत ते चालत नाही. मी हळूच बोट लावलं. माठाच्या बुडासारखा गार.

"हे इकडं आले कसे?" मी विचारलं.

"मी आणलं बाई," भुआसा म्हणाल्या. "चैतात मारवाडात गेल्ते. बाजारात एक माणूस ह्याची कंबर मोडून तेल काढायला बसल्ता. मी पैसे टाकले, सोडवला. पण तिथंच सोडला तर तो पुन्हा धरणार. मंग घेतला डब्यात, बसले गाडीत."

"आणि भगतजी नाव?"

"ठेवलं न्हाई, पडलं. पाला खातो, फूल खातो, किडामुंगी शिवत न्हाई. दिस मावळायच्या आत परसातल्या बिळात जातो अन् आतून मातीनं दार लिंपून घेतो. रात्री खाणं न्हाई, हिंडणं न्हाई. माणसाला जमतं का असं?"

मी कबूल केलं की मला काल रात्री बिलकुल जमलं नव्हतं.

मग त्यांनी वैशाखातली हकिगत सांगितली. पत्रा तापून निघायचा, माणसं उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नव्हती, तेव्हा हा पत्र्यावर बसायचा. सकाळी काळपट असायचा, ऊन चढलं की पांढरा व्हायचा. "पांढरी वस्त्रं घेतली म्हणजे दीक्षाच की, तुम्हाला ठावं हाये ना?" आणखी ऊन चढलं की एक पाय वर धरायचा, मग दुसरा. "एका पायावर तपश्चर्या!" त्याहून तापलं की तोंड उघडून बसायचा. त्याला भुआसा उपदेश म्हणत. समोर बसून ऐकतसुद्धा. भर दुपारी मात्र बिळात मौन.

मला हसू दाबायला खोकावं लागलं. मग मी शाळेतला आवाज काढला. "भुआसा, ह्या जनावरांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेर ऊन तर अंगात ऊन, बाहेर थंडी तर अंगात थंडी. ऊन पाहिजे तेव्हा काळा होतो, म्हणजे ऊब लवकर धरते. जास्त झालं की पांढरा होतो. पाय उचलतो ते चटका बसतो म्हणून. आता थंडी पडली, तर झोपलाय. खाल्लेलं पचत नाही म्हणून खात नाही. ऊन लागलं की उठेल."

भुआसांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, झोपलेला खात न्हाई हे बराबर. म्हणून न खाणारा झोपलेलाच असतो का?"

इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं मला असं अडवलं नव्हतं. मी बाहेर आले.

त्याच दिवशी, दुपार

सुशीलानं परसात सगळं सांगितलं. देऊळगावचे लोक वैतागलेत. नवरामुलगा थांबायला तयार आहे, पण त्याचे वडील चंपालालजी नाहीत. अकोल्याचं दुसरं स्थळ सांगून आलंय. पंचमी परवावर आली. चंपालालजी उद्या सकाळी स्वतः येणार, हो की नाही ते ऐकायला.

"आणि तुझे बाबा?"

"ते म्हणतात, खर्चा झाला तो झाला, पण भुआसाच्या पुढं मी कसा बोलू?" तिनं माझा हात धरला. "वत्सला, तू विज्ञान शिकवतेस ना? कर ना काहीतरी. हे स्थळ गेलं तर मला पुन्हा कुणापुढं पोह्यांची बशी घेऊन बसायचं नाहीये."

मला रागच आला. सांड्याचा नव्हे, सगळ्यांचा. भुआसा अंघोळीला गेल्या तशी मी त्या खोलीत शिरले, भगतजींना उचललं आणि पदराखाली घेऊन गच्चीकडं निघाले. अर्धा तास ऊन, बस्स. एवढाच माझा बेत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर आवाज आला, "मास्तरीणबाई, पदराखाली काय हाये?"

"काही नाही," मी म्हटलं. भगतजींची काटेरी शेपूट माझ्या कमरेजवळून एक वीतभर बाहेर आली होती.

भुआसा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला घेतलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही त्याला उठवलं अन् त्यानं खाल्लं, तर त्याचं व्रत मोडलं. ते पाप पाहुणीच्या माथी यावं, असं मला वाटत न्हाई." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत मी चार रोट्या खाल्ल्या, लाज वाटत असतानाही.

तिसरा दिवस: व्याही आले

चंपालालजी भल्या सकाळी उघड्या गाडीतून आले. मोठं पागोटं, मोठं पोट आणि त्याहून मोठा दमा. थंडीनं ओठ निळे पडलेले. शेटजींनी दारातच झेंडूचा घसघशीत हार घातला. तो काढायचं भान त्यांना राहिलं नाही, कारण ते रागात होते.

"मला भुआसांशी बोलायचंय. जल्दी."

भुआसा कालपासून खोली सोडत नव्हत्या. मग व्याहीच खोलीत आले, मागोमाग शेटजी, सुशीला आणि मी. चंपालालजी दगडी फरशीवर गोधडी टाकून बसले आणि बोलायला तोंड उघडलं तर नुसता खोकला. खोकता खोकता अंग थडथड उडायला लागलं. शेटजी रडकुंडीला आले. मुलीच्या सासऱ्याला आपल्या घरात काकडत बसवणं म्हणजे जन्माची नाचक्की. आणि खोलीत तर शेगडी चालत नाही. शेटजी एकदा व्याह्यांकडं बघत, एकदा बहिणीकडं.

भुआसांची माळ थांबली. "शेगडी आणा," त्या म्हणाल्या. "व्याही हायत."

निखाऱ्यांनी भरलेली शेगडी आली. चंपालालजी आणि भगतजी यांच्या मध्ये, पण व्याह्यांच्या बाजूला, ठेवली गेली. बोलणं सुरू झालं.

"आम्ही किती थांबायचं? एका सरड्यापायी?"

"सरडा नव्हे. सांडा," शेटजी म्हणाले.

"सांडा तर सांडा! हा कधी देह ठेवणार ते तरी सांगा."

"ते विचारणं पाप हाये," भुआसा म्हणाल्या. "तीर्थंकर भगवानांच्या काळी सापानंसुद्धा अन्न सोडलं व्हतं. त्याला कुणी तारीख विचारली का?"

मी शेगडीच्या शेजारी बसले होते. चंपालालजींना खोकल्याची ढास लागली, सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं, आणि माझ्या पायाच्या अंगठ्यानं, मी सांगितलेलं नसताना, शेगडी चार बोटं भगतजींकडं सरकवली. पुढच्या ढासेला आणखी चार बोटं. व्याही अकोल्याच्या स्थळाचं वर्णन करत होते तोवर निम्मी वाट झाली. पुढं मात्र भुआसांची माळ ठेवायची टोपली आडवी आली. मी वर बघितलं. भुआसा माझ्या अंगठ्याकडंच बघत होत्या.

त्यांनी टोपली उचलली आणि मांडीवर घेतली. नजर परत व्याह्यांकडं. "काय म्हणत व्हते? अकोल्याची मुलगी किती शिकलेली हाये?"

मी शेगडी शेवटपर्यंत सरकवली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सुशीलानं माझा दंड असा आवळला की वळ उठला. भगतजींचा काळपटपणा पाठीवरून ओसरत होता, खालून मातकट पिवळा रंग वर येत होता. एक डोळा उघडला. मग दुसरा. पोट हललं. भगतजींनी मान वर केली आणि खोलीत एकच पिवळीधमक गोष्ट होती तिच्याकडं बघितलं. चंपालालजींच्या गळ्यातल्या हाराकडं.

"तर माझं शेवटचं सांगणं असं की..." चंपालालजी म्हणाले, आणि त्यांच्या मांडीवर काहीतरी चढलं.

एवढा मोठा माणूस, पण किंकाळी बारीक निघाली. दोन्ही हात वर, डोळे बाहेर. भगतजी धोतराच्या निऱ्या धरून वर गेले, पोटावर जरा विसावले, आणि हारातल्या सगळ्यांत खालच्या फुलाला तोंड लावलं. कुरुम कुरुम आवाज आला.

"काढा! काढा ह्याला!"

शेटजी पुढं सरसावले. मी डोळे मिटले. व्रत मोडलं होतं, महिनाभर नारळ घेऊन येणाऱ्या गावासमोर भुआसांची शोभा होणार होती, आणि हे सगळं माझ्या अंगठ्यानं केलं होतं.

"खबरदार!" भुआसांचा आवाज. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "व्याहीजी, हलू नका! पारणं चालू हाये!"

सगळे थिजले.

"संथारा नव्हताच तो," भुआसा ठणकावून म्हणाल्या. "आमचीच समजूत चुकली. महिन्याचा उपास व्हता. आज पारणं. अन् कुणाच्या हातचं घेतलं? साऱ्या गावातलं कुणाचं न्हाई. तुमच्या गळ्यातलं घेतलं. केवढं पुण्य व्याहीजी, केवढं पुण्य!"

मोठ्या उपासाचं पारणं म्हणजे जैनांकडं उत्सव असतो, आणि जो पहिला घास भरवतो त्याचा मान सगळ्यांत मोठा. चंपालालजींचे हात हवेतच होते. पण चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली आणि तिथं काहीतरी वेगळंच चढायला लागलं. "माझ्याच... हातचं?"

"तुमच्याच. आता बँड लावावा लागंल. पारण्याला वाजवतातच." भुआसा भावाकडं वळल्या. "अन् बँड आलाच हाये तर मंग लग्नही उरकून टाका. दोनदा खर्चा कशाला?"

"बराबर भुआसा," शेटजी म्हणाले. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले होते. चंपालालजी मात्र दुसरं फूल संपेपर्यंत तसेच बसून राहिले. नंतर गावात सांगताना त्यांनी ती फुलं आपल्या हातानं भरवल्याचं सांगितलं, तेही माझ्यादेखत.

पंचमी आणि दुसरा दिवस

लग्न झालं. जेवणावळीत दाल-बाटी इतकी झाली की मला साडी सैल करावी लागली. भगतजींना ओट्यावर उन्हात बसवलं होतं. वऱ्हाडी आधी त्यांच्या पाया पडत, मग नवरानवरीच्या. वकील माणूस चांगला आहे. सांड्याला बघून हसला नाही, सुशीलाला बघून हसला.

पाठवणीला सुशीला भुआसांच्या गळ्यात पडून रडली. भुआसा रडल्या नाहीत. गाडी वळणाआड गेली तशा त्या आत गेल्या, त्या गार खोलीत, आणि भगतजींना पाटावर घेऊन बसल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. शेटजी दारात चुळबुळ करून परत गेले. माझी बस दहाच्या सुमारास फाट्यावर येणार होती. सामान बांधलेलं.

मी खोलीत गेले. "भुआसा, उठा. ओट्यावर ऊन आलंय."

"मला कशाला ऊन?"

"तुम्हाला नाही. ह्यांना. काळे पडलेत बघा."

"तुमी न्या मंग."

"मला चोरून नेता येतं, सरळ नेता येत नाही," मी म्हटलं. त्या किंचित हसल्या आणि त्याला घेऊन उठल्या.

ओट्यावर मी बाज टाकली. भुआसा बसल्या, शेजारी भगतजी, समोर हरभऱ्याचा पाला. मग त्या म्हणाल्या, "ह्याला रोज पाला सुशीच टाकायची. तिचं लग्न ठरलं अन् ह्यानं खाणं सोडलं. थंडी पडली व्हती, ते मला दिसत न्हाई का बाई? पण मला वाटलं, ती चालली म्हणून सोडलं ह्यानं. मला तर सोडता येत न्हाई. पोरीचं लगीन, मी कशी उपाशी बसू? मंग ह्यानं सोडलं ते बरं वाटलं मला."

मला रडू आलं, ते मी तसंच येऊ दिलं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं, बाजेवर आलं, भुआसांच्या पावलांवर आलं. भगतजींचा रंग पाठीपासून उजळायला लागला. फाट्यावर बसचा भोंगा वाजला. मी उठले नाही. भगतजी दोन पावलं पुढं झाले आणि त्यांनी हरभऱ्याचा एक डहाळा तोंडात धरला.

भुआसा त्याच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आत रोटी हाये का बघा बरं एखादी. कालची असली तरी चालंल."

मी धावतच आत गेले आणि चूल पेटवली.